बस्टर पूर्वेला गेला

कॉर्बेट्स वेलला, म्हणजे आमच्या गावाला, रेल्वेच्या कंपनीने फाटक बसवलं ते जुलैत. चांगलं जाडजूड लोखंडी फाटक, पिवळा रंग, माझ्या मुठीएवढं कुलूप. फक्त कुंपण नव्हतं. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर खुरटी खारी झुडपं आणि मधोमध फाटक. पहिल्या आठवड्यात सगळा गाव ते बघून आला. सगळा गाव म्हणजे अकरा माणसं. दोघांनी मान राखायचा म्हणून ते ढकलूनही बघितलं. मग सगळे बाजूने गेले.

ऑगस्टात कंपनीने फाटकाच्या दोन्ही अंगांना मातीचे बांध घातले, पन्नास-पन्नास पावलांचे. आम्ही एक्कावन्नाव्या पावलावरून जायला लागलो.

रस्ता म्हणजे रुळांच्या कडेकडेने पूर्वेला जाणारी तांबडी वाट. जुन्या काळी गँगमन लोकांनी रूळ सांभाळायला म्हणून ती फावड्यांनी काढली. नंतर रूळ विकले गेले, त्याबरोबर वाटही विकली गेली. हे आम्हाला फाटक आल्यावर कळलं. तोवर मेंढ्यांवाले, जंगली कुत्र्यांना फास लावणारे, फिरती नर्स, सगळे तिच्यावरूनच जात. दुसरी वाट नाही. मग आदल्या वर्षी शहरातल्या एका जोडप्याने फोटोसाठी आपली गाडी थेट रुळांना चिकटवून उभी केली आणि दोन किलोमीटर लांबीच्या मालगाडीला करकचून ब्रेक मारावा लागला. कुणाला काही झालं नाही. पण कंपनीला मात्र सुरक्षा झाली.

मी क्लॅरी. गावातला एकुलता एक डिझेलचा पंप माझा, दुकान माझं, पोस्ट माझं आणि बियरचा फ्रीजही माझा. बस्टर माझा कुत्रा. वय तेरा, कान एक, काम काही नाही.

फाटकाच्या अलीकडे पाण्याची टाकी आहे. टाकीशेजारच्या खांबाला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठोकलेला असायचा. डब्यात शाळकरी वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. पूर्वेला जाणाऱ्याने वहीत लिहायचं: नाव, कुठवर, पाणी किती, परत कधी. परत आला की स्वतःच्या हाताने आपली ओळ खोडायची. ज्याला न खोडलेली, मुदत उलटलेली ओळ दिसेल त्याने असेल तसं निघायचं आणि शोधायला जायचं. विचारायचं नाही, थांबायचं नाही, मागाहून टोमणा मारायचा नाही. तीस वर्षांत या वहीने नऊ माणसं जिवंत परत आणली. त्यातला एक मी. टोमणा कुणीही मारला नाही, म्हणूनच लक्षात राहिलं.

आता व्हर्न लिंके. व्हर्न शहात्तर वर्षांचा, जुना गँगमन. हॅलोरन साइडिंगवर, म्हणजे इथून पूर्वेला एकशे चाळीस किलोमीटरवर, गाड्या बाजूला घ्यायच्या रुळांपाशी, त्याचा संसार झाला. त्याच्या बायकोने, एल्सीने, तिथे हवामान खात्यासाठी पाऊस मोजायला घेतला. जमिनीत रोवलेली पत्र्याची नळी, वर नरसाळं, भोवती कोंबड्यांच्या जाळीचं कुंपण. नळीत थोडं तेल घालून ठेवायचं, म्हणजे पडलेलं पाणी उडून जात नाही. महिन्यातून एकदा मोजायचं, लिहायचं, ओतून टाकायचं. पुढे साइडिंग बंद झाली, घरं पडली, एल्सी गेली. व्हर्न गावाच्या दक्षिणेला वीस किलोमीटरवर एका जुन्या बोअरजवळ झोपडीत राहायला आला. पण दर महिन्याच्या एक तारखेला तो हॅलोरनला जायचा आणि आकडा लिहून आणायचा. एक्केचाळीस वर्षांत एक महिना चुकला नव्हता.

"काय आणलंस?" मी काउंटरवरून विचारायचो.

"शून्य."

"शून्य आणायला दोनशे ऐंशी किलोमीटर? अरे, माझ्याकडे मागितलं असतंस तर इथेच दिलं असतं."

"तुझं शून्य अंदाजाचं, क्लॅरी. माझं मोजलेलं आहे."

हे तो हसून म्हणायचा नाही. व्हर्नला विनोद समजत नसे. समजला तर तो त्यातली चूक दुरुस्त करून द्यायचा.

सप्टेंबरात कंपनीचा माणूस आला. ड्युएन पेटरिज. हुद्दा मार्ग-सुरक्षा अधिकारी, वय तिशीच्या आत, नाकावर पांढरं मलम, गळ्यात कॅमेरा. वागायला इतका सभ्य की त्याचा रागही धड येईना. त्याने परवान्याचे अर्ज आणले होते. जाण्याचं कारण: मेंढपाळी, आणीबाणी, खाणकाम, इतर. व्हर्नने 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, पाऊस.

"पाऊस म्हणजे?" पेटरिजने विचारलं.

"मोजतो."

"पण तिथे पाऊस पडत नाही ना, मिस्टर लिंके?"

"ते मोजल्याशिवाय कसं सांगणार?"

अर्ज नामंजूर झाला. हॅलोरन साइडिंग कंपनीच्या यादीत नव्हती. जी जागाच नाही तिथे जायचा परवाना कसा देणार, असं उत्तर आलं. व्हर्न नसलेल्या जागी ऑक्टोबरच्या एक तारखेला गेला आणि नेहमीप्रमाणे वहीत नाव लिहून गेला.

इथवर पेटरिजला डब्याचा पत्ता नव्हता. त्या महिन्यात लागला. त्याने डबा उघडला, वही वाचली आणि शांतपणे एकेका पानाचा फोटो काढला. पंधरा दिवसांत गावात सात पत्रं आली. पोस्ट माझं, त्यामुळे मीच ती वाटली, त्यातलं एक स्वतःला. बिनपरवाना प्रवेश, पहिली ताकीद. व्हर्नच्या पत्रात एक परिच्छेद जास्त होता: पुन्हा तुमचं नाव आढळल्यास हॅलोरन येथील अनधिकृत वस्तू काढून टाकण्यात येईल.

व्हर्नने ते काउंटरवर ठेवून दोनदा वाचलं.

"वस्तू म्हणजे एल्सीचं माप," तो म्हणाला.

"घाबरवतायत रे. कोण जातंय एवढ्या उन्हात एक नळी उपटायला?"

"हा जाईल. हा सांगितलेलं करतो."

हे मात्र खरं होतं. पेटरिज सांगितलेलं करायचा.

आता माझं काय झालं ते सांगतो. तरुणपणी मी इथून सहाशे किलोमीटरवरच्या एका छोट्या वर्तमानपत्रात दर शनिवारी टवाळीचं सदर लिहायचो. लोक हसायचे, मंत्र्यांना काही व्हायचं नाही, माझ्या चहाचे पैसे सुटायचे. ती खोड गेली नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी एके सकाळी मी डब्यापाशी गेलो आणि वहीत लिहिलं: बस्टर. हॅलोरन. पाणी दहा लिटर. परत: गुरुवार. अर्थात खोडलं नाही.

शुक्रवारी पेटरिज एकशे चाळीस किलोमीटर जाऊन एकशे चाळीस परत आला. चेहरा तांबडा, ओठ फुटलेले.

"बस्टर नावाचा कुणी माणूस परत आला का?"

बस्टर त्याच्या बुटावर हनुवटी टेकून झोपला होता.

त्या संध्याकाळी माझ्या फ्रीजमधली बियर संपली. मग गावाला नादच लागला. वहीत कुणी मेलेल्या सासूचं नाव लिही, कुणी शाळेतल्या मास्तरांचं. एका मेंढ्यांवालीने आपल्या एडक्याचं पूर्ण नाव वंशावळीसह लिहिलं आणि पाण्याच्या जागी लिहिलं, लागत नाही. खरोखर जाणारे मात्र काही न लिहिता गुपचूप जायला लागले. दोन महिन्यांत त्या वहीत एकही खरी ओळ उरली नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. आजवर लिहिलं त्यातलं पहिल्यांदाच काहीतरी चाललं होतं.

रोवीना डॉड आमची. म्हणजे मालगाडीची ड्रायव्हर, पण इंजिन बदलायला गाडी थांबली की सॉसेज रोल माझ्याकडेच खायची. कंपनीने ड्रायव्हर लोकांना फर्मान काढलं होतं: रुळांकडेला माणूस वा गाडी दिसली की रेडिओवर कळवा. पूर्वी दिसलं तर ते कळवायचेच, पण ते आम्हाला. कुणाचं बॉनेट उघडं आहे, कोण हात करतंय. आता कळवलं की त्याचा गुन्हा व्हायचा.

"म्हणून आम्ही आंधळे झालोय," रोवीना सॉस ओतत म्हणाली. "सगळेच्या सगळे. मागच्या हप्त्यात एक पांढरा पिकअप मला अजिबात दिसला नाही. आतला म्हातारा हॅट काढून मला नमस्कार करत होता, तोही नाही दिसला."

"म्हातारा कोण ते पण नाही दिसलं ना?"

"लिंके होता तो. नाही दिसला."

म्हणजे नोव्हेंबरात व्हर्न गेला होता. न लिहिता. डिसेंबरात तो दुकानात आला तेव्हा पेटरिज तिथेच पाणी पीत उभा होता. व्हर्नने टपालाची तिकिटं घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी सोडलं. हॅलोरन सोडलं. आता जात नाही."

पेटरिज म्हणाला, "आभारी आहे, मिस्टर लिंके." आणि खरंच आभारी दिसला.

मी व्हर्नकडे बघून डोळा मारला. त्याने परत मारला नाही. म्हणून मला वाटलं, खरंच सोडलं. व्हर्न खोटं बोलत नसे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

एक जानेवारीला मी दुपारपर्यंत झोपलो. आदल्या रात्रीची बियर होती. दोन तारखेला सकाळी डब्यापाशी गेलो. दर महिन्याच्या दोन तारखेची सवयच होती, पूर्वी कुणी अडकलंय का बघायला जायचो, आता कुणी काय मजा केलीय ते वाचायला. नवी ओळ होती, मोठ्या ठळक अक्षरांत: बस्टर. हॅलोरन. पाणी २७ लिटर. परत: आज संध्याकाळ. तारीख एक.

मला हसू आलं. बस्टर घरी पंख्याखाली झोपला होता. मी पेन्सिल घेतली आणि खाली लिहिलं: बस्टरची बायको काळजीत आहे.

जानेवारी म्हणजे आमचा भर उन्हाळा; त्या दिवशी सेहेचाळीस अंश होतं. तीन तारखेला सत्तेचाळीस. चार तारखेलाही तितकंच असावं. दुकानासमोरच्या उष्णतामापीकडे मी बघितलं नाही.

पाच तारखेला पेटरिज आला. नेहमीप्रमाणे आधी डबा, मग मी. त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला.

"हा बस्टर कोण?"

दुकानात चौघं होते. चौघंही हसले. मी पायाशी बोट दाखवलं. "एक तारखेला जाऊन आला. फार दमलाय बिचारा."

"मला माहीत आहे तुम्ही माझी चेष्टा करता," पेटरिज म्हणाला. रागाने नाही, हवामान सांगावं तसं. "पण नियम असा आहे की नोंद असली तर ती तपासायची. म्हणून मी सगळ्या नोंदी तपासतो. बाकीच्या नोंदींत पाणी पाच, दहा, वीस. किंवा चेष्टेचं. हे सत्तावीस. चेष्टेत सत्तावीस कोण लिहितं? आणि हा सात बघा. याच्या पोटातून आडवी रेघ आहे."

मी फोटो बघितला.

व्हर्नचे आजोबा जर्मनीतून आले होते. त्यांच्या घरात साताला पोटातून रेघ मारत. मी तीस वर्षं त्याच्या पावसाच्या आकड्यांचं पाकीट काउंटरवर घेत होतो. क्वचित कधी सात मिलिमीटर पडायचा, तेव्हा तो सात बघून मीच म्हणायचो, लेका, या साताला फाशी का दिलीस. आणि दोन तारखेला याच साताच्या खाली मी पेन्सिल टेकवून लिहिलं होतं.

"क्लॅरी?" चौघांपैकी कुणीतरी म्हणालं. आता कुणी हसत नव्हतं.

"व्हर्न," मी म्हणालो.

पेटरिजच्याच गाडीतून निघालो. फाटकापाशी त्याने गाडी थांबवली आणि रेडिओवरून कंट्रोलला परवानगी मागितली. आत शिरायला त्यालाही परवानगी लागायची. कंट्रोल म्हणालं, चाळीस मिनिटं थांबा.

"बाजूने घाल," मी म्हणालो.

"तसं करता येत नाही."

"बाबा रे, एक्कावन्नाव्या पावलावरून घाल."

त्याने आपल्याच कंपनीने घातलेल्या बांधाकडे बघितलं. मग चाक वळवलं. पुढच्या दोन तासांत तो एकदाच म्हणाला, "पाणी सत्तावीस लिटर आहे त्यांच्याकडे. सत्तावीस पुरेसं असतं."

हॅलोरनला एका घराची दीड भिंत उरली आहे. त्या भिंतीआड, रुळांवरून दिसू नये असा, व्हर्नचा पिकअप उभा होता. मागच्या फळीवर पाण्याचा कॅन, जेमतेम सातवा हिस्सा रिकामा. तिथून साठ पावलांवर जाळीचं कुंपण आणि एल्सीचं माप. व्हर्न कुंपणाच्या खांबाला टेकून बसला होता, रुळांकडे तोंड करून. हॅट मांडीवर. पेटरिज दोन पावलं आधीच थांबला. मी गेलो, पण घाई करण्यासारखं काही नव्हतं. निदान दोन दिवस झाले असावेत.

खिशात त्याची छोटी वही होती. ती पेटरिजने वाचली, मग माझ्याकडे दिली. मी उतरवून काढलंय, शब्द त्याचेच आहेत:

१ जाने. ११.० मि.मी. (१४ डिसेंबरचं वादळ असावं.)

१ जाने. कुंपण ओलांडताना पडलो. कंबर. उठता येत नाही.

२ जाने. मापातलं पाणी प्यायलो. नोंद आधी केली आहे. वर तेल होतं.

२ जाने. सकाळची गाडी. हॅट हलवली. ड्रायव्हरने हात केला.

३ जाने. ०.०. क्लॅरी वही दोन तारखेला बघतो.

पुढे काही नाही.

रोवीनाला मी सांगितलं नाही, तिला कंपनीकडूनच कळलं. ती दुकानात आली आणि काउंटरसमोर उभी राहिली. रोल घेतला नाही.

"मला वाटलं तो आभार मानतोय," ती म्हणाली. "बसला होता ना मस्त, कुंपणाला टेकून. मला वाटलं म्हातारा म्हणतोय, बघितलं नाहीस त्याबद्दल आभार. म्हणून मी हात केला. क्लॅरी, मी हसले पण."

"त्याने लिहिलंय."

"काय? हसले ते?"

"नाही. हात केलास ते."

ती बाहेर जाऊन इंजिनात बसली आणि गाडी वेळेवर सोडली.

मार्चमध्ये चौकशी झाली, दूरच्या शहरात. चौकशी अधिकारी बाई वयाने माझ्याएवढ्या होत्या. त्यांनी वहीचं पान दाखवून विचारलं, "ही वरची नोंद व्हर्न लिंके यांची. खालची ओळ कुणाची?"

"माझी."

"वाचून दाखवा."

मी वाचून दाखवली. मागच्या बाकांवर कुणीतरी नव्या माणसाने खुदकन आवाज केला. वाक्य विनोदी होतंच. मीच लिहिलं होतं.

"बस्टर हा कुत्रा ना?"

"हो."

"त्याला बायको आहे?"

"नाही, बाई."

"मग काळजीत कोण होतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. तेवढं एक उत्तर त्यांनी दोनदा लिहून घेतलं असं मला वाटलं.

निकालात दोष कुणाचाच निघाला नाही. शिफारसी निघाल्या. त्यांच्याप्रमाणे कंपनीने फाटकाला खरंखुरं कुंपण घातलं, दोन्ही बाजूंना तीन-तीन किलोमीटर, आणि अनधिकृत वस्तू म्हणून डबा काढून नेला. पेटरिज स्वतः आला होता. डबा त्याने उपटला. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या काउंटरवर ठेवली. हॅलोरनच्या मापाबद्दल काही सूचना आल्यात का, असं मी विचारलं.

"आल्या आहेत," तो म्हणाला. "मी तिथे गेलो होतो. सापडलं नाही." आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे लगेच निघून गेला.

त्याच दिवशीच्या टपालात हवामान खात्याचं छापील पत्र होतं, व्हर्नच्या नावाने. जानेवारीचा आकडा (तो मीच व्हर्नच्या वहीतून पाठवला होता) मिळाला, आभार. फेब्रुवारी व मार्चच्या आकड्यांची वाट पाहत आहोत.

मी पोस्टाचा माणूस. पत्राला उत्तर देणं आलं. एक एप्रिलला वहीत लिहिलं: क्लॅरी, हॅलोरन, पाणी साठ लिटर, परत आज संध्याकाळ. वही दुकानातल्या गिऱ्हाइकांपुढे उघडी ठेवली, आणि कुंपण संपतं तिथून वळसा घालून गेलो. आता दर महिन्याला जातो. फेब्रुवारी-मार्चची जागा रिकामीच आहे, ती भरता येत नाही.

रोवीना आता आंधळी नाही. मी दिसलो की ती रेडिओवर कळवते. ठिकाण, वेळ, माणूस बसलाय की उभा आहे. प्रत्येक वेळी. प्रत्येक वेळी मला कंपनीचं पत्र येतं, पोस्ट माझं असल्यामुळे मीच मला ते देतो. एकदा तिने विचारलं, "म्हाताऱ्या, किती पत्रं झाली रे? एखाद्या महिन्यात सोडू का?"

"बाई," मी म्हणालो, "चुकवू नकोस."

परत आलो की माझी ओळ खोडतो. मग पान मागे उलटतं, कारण वहीची शिवण सैल झाली आहे आणि ती त्याच पानावर उघडते. खाली माझी ओळ, बस्टरच्या बायकोची. ती कुठे गेलीच नव्हती, त्यामुळे तिला परत यायचं नाही. वर सत्तावीस लिटरवाली. कधी कधी कुणी गिऱ्हाईक बघतं आणि म्हणतं, ही राहिली वाटतं खोडायची. मी डिझेलची नळी त्याच्या गाडीत घालतो आणि सांगतो, ती ज्याची त्यानेच येऊन खोडायची असते.